बँकेच्या लॉकरचे कुलूप: ते कसे चालते आणि आपण ते कसे चालवावे

लॉकरच्या दाराला किल्लीची दोन भोके का असतात, हा प्रश्न बहुतेक खातेदारांना पहिल्याच दिवशी पडतो आणि त्याचे उत्तरही त्याच दिवशी मिळते: एक बँकेचे, दुसरे आपले. एवढ्या उत्तराच्या बळावर माणसे तीस-तीस वर्षे लॉकर वापरतात. बडोद्यासाठी बँक हा तसा घरगुती विषय आहे. सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने २० जुलै १९०८ रोजी येथे बँक ऑफ बडोदा स्थापन झाली, आणि बँकेत नोकरी केलेला एखादा काका किंवा आत्या नाही असे मराठी घर दांडिया बाजारात शोधावे लागते. माझी नोकरी दुसऱ्या एका बँकेत झाली. रावपुऱ्याच्या बाजूला असलेल्या शाखेत शेवटची अकरा वर्षे लॉकरची खोली माझ्या ताब्यात होती. त्या काळात खातेदारांच्या ज्या अडचणी मी पाहिल्या, त्यांतील बऱ्याचशा कुलपाच्या दोषामुळे नव्हे, तर ते कुलूप नेमके काय करते आणि काय करत नाही हे ठाऊक नसल्यामुळे उद्भवलेल्या होत्या. म्हणून वापराच्या सूचना देण्यापूर्वी कुलपाच्या पोटात काय चालते ते सांगतो. ते एकदा डोळ्यांसमोर आले की निम्म्या सूचना वाचकाला आपल्या आपणच सुचतील.

दाराच्या मागच्या बाजूला

पुढच्या वेळी लॉकर उघडाल तेव्हा दागिन्यांच्या डब्याला हात घालण्याआधी दाराची आतली बाजू पाहावी. तेथे पत्त्यांच्या कॅटाएवढी, धातूची चपटी पेटी स्क्रूंनी बसवलेली दिसेल. हेच कुलूप. तिच्या कडेतून बोटभर रुंदीचा धातूचा तुकडा बाहेर येतो आणि आत जातो; त्याला बोल्ट म्हणतात. दार लावलेले असताना हा बोल्ट बाहेर येऊन पोलादी चौकटीच्या मागे अडकतो, म्हणून दार ओढले तरी हलत नाही. बाकी सारी यंत्रणा, म्हणजे दोन भोके, दोन किल्ल्या, आतल्या पट्ट्या आणि स्प्रिंगा, हा एक तुकडा भलत्या माणसाला मागे सरकवता येऊ नये एवढ्यासाठीच असते.

पेटीच्या आतली रचना मला प्रत्यक्ष पाहायला मिळाली ती कुलूपदुरुस्तीसाठी आलेल्या एका कारागिरामुळे. आमच्या बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या जुन्या संस्थेत, शिकलेला तो गृहस्थ होता, आणि निकामी झालेले एक कुलूप त्याने माझ्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पट्टी-पट्टी करून उलगडले. बोल्टच्या अंगावर एक छोटी खुंटी उभी होती. त्या खुंटीच्या वाटेत पितळेच्या पातळ पट्ट्या एकीवर एक रचलेल्या होत्या. या पट्ट्या म्हणजेच लिव्हर. हार्डवेअरच्या दुकानात आपण ‘सात लिव्हरचे कुलूप’ मागतो तेव्हा त्यांचीच संख्या सांगत असतो. प्रत्येक पट्टी एका टोकाला खिळ्याभोवती फिरते, बारीक स्प्रिंग तिला खाली दाबून ठेवते, आणि तिच्या मध्यभागी एक खिडकी कापलेली असते. त्या खिडकीचे दोन कप्पे असतात व त्यांना जोडणारी एक अरुंद खाच असते, खुंटी जेमतेम निघेल एवढीच. पट्टी स्वस्थ पडलेली असताना ही खाच खुंटीच्या समोर नसते, त्यामुळे खुंटी एका कप्प्यात अडकून राहते आणि खुंटी अडकली की बोल्ट अडकला. किल्ली फिरवली की तिचा एकेक दाता एकेका पट्टीला उचलतो. दात्यांची उंची वेगवेगळी असते, कारण प्रत्येक पट्टीतील खाचेची जागा वेगवेगळी असते. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की खुंटीला वाट मोकळी होते आणि त्याच फेऱ्यात किल्लीचा उरलेला भाग बोल्टला ढकलतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. पट्टी कमी उचलली गेली तर खुंटी अडते, हे सहज कळते. परंतु ती जास्त उचलली गेली तरीही खुंटी अडतेच. सूर उतरा लागला तरी बेसूर आणि चढा लागला तरी बेसूर, तसे हे आहे, आणि येथे सातही सूर एकाच क्षणी लागावे लागतात. रॉबर्ट बॅरन या इंग्रज कारागिराने १७७८ मध्ये ही युक्ती पेटंट केली. त्याआधीच्या कुलपांत पट्टी कशीबशी वर ढकलली की काम भागत असे. पुढे १८१८ मध्ये जेरेमाया चब याने त्यात अशी भर घातली, की एखादी पट्टी कोणी प्रमाणाबाहेर उचलली तर ती वरच अडकून बसावी आणि मालकाला परत आल्यावर आपल्या गैरहजेरीत कोणीतरी हात घातल्याचे कळावे. आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपे बनवण्यास सुरुवात केली. आज बँकांमध्ये जी किल्लीची लॉकरे दिसतात त्यांचा गाभा हाच, लिव्हरचा आहे.

एका पट्टीची खाच सहा वेगवेगळ्या उंचींवर ठेवता येते असे धरले, तर सात पट्ट्यांच्या कुलपासाठी २,७९,९३६ वेगवेगळ्या किल्ल्या निघू शकतात. प्रत्यक्षात कारखाने यांतील कितीतरी जुळण्या वापरत नाहीत, कारण सगळे दाते एकाच उंचीचे किंवा एका किल्लीसारखीच दुसरी, असे होऊ द्यायचे नसते. तरीही आकडा पुरेसा मोठा राहतो. तुमची किल्ली शेजारच्या लॉकरच्या भोकात बिनदिक्कत जाईल, कारण भोकाचा आकार सारखाच असतो. ती फिरणार मात्र नाही. किल्ली फिरत नाही अशी तक्रार घेऊन आलेले निदान निम्मे लोक माझ्या अनुभवात चुकीच्या दारासमोर उभे असत, म्हणून सर्वांत आधी दारावरचा क्रमांक वाचावा.

दोन किल्ल्या, बोल्ट एकच

दोन भोके म्हणजे दोन कुलपे, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे. कुलूप एक, बोल्टही एकच. मात्र पट्ट्यांचे संच दोन असतात. एक संच तुमच्या किल्लीने उचलला जातो, दुसरा बँकेच्या मास्टर किल्लीने. दोन्ही संचांतील खाचा जुळल्याखेरीज खुंटी सुटत नाही. आता यातली मेख अशी, की मास्टर किल्ली फक्त आपला संच उचलून धरते. बोल्टला ढकलणारा भाग तिच्या वाट्याला दिलेलाच नसतो. बोल्ट सरकवण्याचे काम केवळ खातेदाराच्या किल्लीकडे असते. लग्नात अंतरपाट बाजूला करणारे भटजी असतात, पण माळ घालायची ती वधूवरांनीच. मास्टर किल्लीचा अधिकार एवढाच, अंतरपाटापुरता.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. मास्टर किल्ली एका कपाटातील किंवा संपूर्ण खोलीतील सगळ्या लॉकरांना सारखीच लागत असली, तरी ती हाती असलेला अधिकारी तिच्या बळावर एकही लॉकर उघडू शकत नाही. आणि तुमची किल्ली चोरीला गेली, तरी चोराला बँकेत येऊन, ओळख पटवून, सही करून मास्टर किल्ली लावून घ्यावी लागेल. दोघांपैकी एकावर संपूर्ण विश्वास टाकावा लागू नये, हा या कुलपाचा हेतू आहे. तुमच्या किल्लीची जोडकिल्ली बँक आपल्याजवळ ठेवत नाही. ती ठेवली असती तर दुसऱ्या भोकाला काही अर्थच उरला नसता. ‘एक तुमच्याकडे असेलच ना हो, द्या तेवढी’ ही विनंती मी अनेकदा ऐकली आहे आणि दर वेळी समोरच्या चेहऱ्यावर अविश्वासही पाहिला आहे.

बंद करतानाची गोष्ट वेगळी. बहुतेक लॉकरांत बँकेच्या पट्ट्यांची ठेवण अशी असते, की बाहेर येणाऱ्या बोल्टला त्या अडवत नाहीत; बोल्ट बाहेर आला की त्या खाली पडून त्याची परतीची वाट बंद करतात. त्यामुळे अधिकारी मास्टर किल्ली काढून निघून गेला, तरी तुम्हाला तुमच्या एकट्या किल्लीने लॉकर बंद करता येतो. ही सोय खातेदाराच्या एकांतासाठी केलेली आहे. तिच्यापोटी एक जबाबदारी येते, आणि ती बहुतेकांना माहीत नसते.

किल्ली निघाली म्हणजे दार लागले असे नव्हे

एका मार्गशीर्षात, लग्नसराईच्या गडबडीत, दांडिया बाजारातील एक काकू आल्या. भाचीच्या लग्नासाठी बोरमाळ आणि पाटल्या काढल्या, उरलेले दागिने मखमली बटव्यात घालून आत ठेवले, किल्ली फिरवली, काढली, कमरेच्या बटव्यात टाकली आणि माझा निरोप घेऊन त्या गेल्या. संध्याकाळी खोली बंद करण्यापूर्वी प्रत्येक रांगेवरून तळवा फिरवण्याची माझी सवय होती. लॉकरांची दारे एकमेकांशी इतकी सपाट बसतात, की हात भिंतीवरून फिरावा तसा फिरतो. तो त्या दिवशी एका जागी अडखळला. काकूंच्या लॉकरचे दार शेजारच्या दारापेक्षा गव्हाच्या दाण्याएवढे पुढे होते. नखाने ओढले तर ते सरळ उघडले. बोल्ट पूर्ण बाहेर आलेला होता, पण चौकटीच्या मागे नव्हे. चौकटीच्या पुढे, हवेत. मखमली बटव्याची गोंड्याची दोरी दाराच्या कडेत अडकल्याने दार पुरते बसलेच नव्हते.

काकूंना फोन केला. त्या रिक्षाने धापा टाकीत आल्या, दोन अधिकाऱ्यांसमोर त्यांनी एकेक नग मोजला आणि सगळे जागच्या जागी निघाले. खेदाची बाब ही, की दिवसाअखेरीस दारे तपासण्याचा कोणताही लेखी नियम आमच्या शाखेत तेव्हा नव्हता. त्याबद्दल मी वरिष्ठांशी बोललोही होतो. ‘बंद करणे ही खातेदाराची जबाबदारी’ असे उत्तर मिळाले. माझ्या जागी हाताने न तपासणारा दुसरा कोणी असता, तर ते दार दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पहिल्या खातेदारासाठी तसेच उघडे राहिले असते.

कुलपाला दाराची काहीही माहिती नसते. ते फक्त बोल्टला ओळखते. अनेक लॉकरांत बोल्ट आत असताना किल्ली निघत नाही आणि बोल्ट बाहेर पडल्यावर निघते, त्यावरून लोक अनुमान काढतात, की किल्ली निघाली त्या अर्थी लॉकर बंद झाला. किल्ली निघाली यावरून सिद्ध होते ते एवढेच, की बोल्ट बाहेर आला. तो चौकटीच्या मागे गेला की पुढे, हे तुम्हालाच पाहावे लागते.

म्हणून बंद करताना क्रम असा ठेवावा. आतला डबा पूर्ण मागे सरकवावा आणि त्याचे झाकण, पिशवीचे बंद, कागदाचे कोपरे यांतील काहीही दाराच्या रेषेत येत नाही हे डोळ्यांनी पाहावे. डाव्या हाताचा तळवा दारावर टेकवून दार चौकटीत दाबून धरावे आणि दाबलेले असतानाच उजव्या हाताने किल्ली फिरवावी. किल्ली शेवटपर्यंत फिरली पाहिजे. अर्ध्यावर जड लागली तर जोर न करता उलट फिरवून दार पुन्हा उघडावे आणि काय अडकले ते शोधावे. किल्ली काढल्यावर दाराच्या कडेवरून आणि शेजारच्या दारावरून एकदा बोट फिरवावे, मग कडेला नख लावून दार ओढून पाहावे. या सगळ्याला दहा सेकंद लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२१ रोजी लॉकरसंबंधी काढलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित सूचनांत आता असे स्पष्ट म्हटले आहे, की खातेदार गेल्यावर अधिकाऱ्याने लॉकर नीट बंद झाला आहे ना हे तपासावे, उघडा आढळल्यास ताबडतोब बंद करावा आणि खातेदाराला ई-मेल, एसएमएस किंवा पत्राने कळवावे, म्हणजे त्याला आतील वस्तू तपासून घेता येतील. ही तरतूद वाचली तेव्हा मला त्या गोंड्याची आठवण झाली.

उघडताना

उघडण्याचा विधी सोपा आहे आणि त्यात चूक होण्यास जागा कमी. नोंदवहीत सही व वेळ, ओळख पटणे, मग अधिकाऱ्यासोबत खोलीत जाणे. अधिकारी मास्टर किल्ली आपल्या भोकात घालून फिरवतो. त्याने ‘हं, लावा’ म्हणेपर्यंत तुमची किल्ली फिरवू नये. आधी फिरवल्यास बँकेच्या पट्ट्या अजून खालीच असल्यामुळे खुंटी त्यांच्यावर आदळते, आणि घाईचा माणूस नेमका त्या क्षणी जोर लावतो. किल्ली वाकते ती बहुधा अशी. आपली किल्ली खांद्यापर्यंत, म्हणजे आत टेकल्याचे बोटांना जाणवेपर्यंत घालावी, कारण ती दोन केस बाहेर राहिली तरी दाते शेजारच्या पट्टीखाली जातात. दार उघडले की अधिकाऱ्याने आपली किल्ली काढून घेऊन बाहेर जावे. तो गेल्याशिवाय डबा उघडू नये. यात संकोच वाटण्याचे कारण नाही, खातेदाराला एकांत मिळावा असा नियमच आहे. बऱ्याच दारांना मूठ नसल्यामुळे लोक कुलपातल्या किल्लीलाच धरून दार ओढतात. हलक्या हाताने ओढण्यास हरकत नाही, पण वरच्या रांगेतला मोठा लॉकर शिडीवर उभे राहून किल्लीच्या आधाराने ओढणारे महाभागही मी पाहिले आहेत.

त्या दिवशी लॉकर उघडल्याचा एसएमएस किंवा ई-मेल बँकेकडून येतो. तो न आल्यास आपला मोबाईल क्रमांक नोंदलेला आहे का याची चौकशी करावी; तुम्ही गेला नसताना तो संदेश आल्यास त्याच क्षणी शाखेत जावे. खोलीच्या आत येण्याजाण्याचे सीसीटीव्ही चित्रण बँकेने किमान १८० दिवस जपून ठेवायचे असते, म्हणून शंका आल्यास सहा महिन्यांच्या आत लेखी कळवणे शहाणपणाचे.

किल्लीची निगा

किल्लीवर कोरलेला क्रमांक आणि लॉकरचा क्रमांक हे पुष्कळदा वेगळे असतात, आणि ते वेगळेच असलेले बरे. अनेक जण आठवण राहावी म्हणून किल्लीला लॉकरचा क्रमांक, बँकेचे नाव, क्वचित स्वतःचे आडनावही लिहिलेली चिठ्ठी बांधतात. ती आजच काढून टाकावी. किल्लीवर बँकेचा किंवा शाखेचा संकेतांक कोरलेला असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, आणि पोलिसांना तपासासाठी तेवढी खूण पुरते. त्यात आपण भर घालण्याची गरज नाही.

न्यायमंदिराभोवतीच्या बाजारात कोणत्याही किल्लीची नक्कल दहा मिनिटांत करून देणारे चावीवाले बसतात. (घरात आम्ही किल्ली म्हणतो आणि त्यांच्यासमोर चावी, ही बडोद्याची रीत.) लॉकरची किल्ली त्यांच्याकडे नेऊ नये. कायदेशीर अडचण तर आहेच, पण यंत्राची अडचण त्याहून मोठी आहे: कानशीने घासून केलेल्या नकलेचा एखादा दाता किंचित चढा राहतो, पट्टी प्रमाणाबाहेर उचलली जाते, आणि कधीकधी नक्कल आत जाऊन फिरते पण परत येत नाही. मग कुलूप तोडण्याखेरीज इलाज नसतो.

किल्लीने पाकिटे फोडणे, पत्र्याचे डबे उघडणे हे प्रकार टाळावेत. किल्ली सपाट टेबलावर ठेवून डोळ्यांच्या पातळीवरून पाहिली तर तिचा बाक दिसतो. बाक दिसल्यास ती घरी हातोडीने सरळ न करता बँकेला दाखवावी. कुलपात तेल घालण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. खोबरेल तेलाचा बोळा घेऊन आलेले एक काका मला आठवतात. पितळेच्या पट्ट्यांवर तेल बसले की त्यावर धूळ बसते, दोन उन्हाळ्यांत त्याचा चिकटा होतो, आणि खाली पडायची पट्टी वरच चिकटून राहते. कारागीर अशा ठिकाणी ग्राफाइटची कोरडी पूड वापरतो, आणि तीही आपल्या हाताने.

किल्ली अडली किंवा हरवली तर

किल्ली फिरत नसेल तर आधी दारावरचा क्रमांक, मग हातातली किल्ली आपलीच आहे का (सासूबाईंची आणि आपली एकाच जुडग्यात असण्याचे प्रकार नेहमीचे), मग ती पूर्ण आत गेली आहे का, आणि शेवटी मास्टर किल्ली पूर्ण फिरली आहे का, एवढे पाहावे. तरीही फिरत नसेल तर तेथेच थांबावे. पक्कड मागू नये. किल्ली आत मोडली तर काम चौपट वाढते.

किल्ली हरवल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. यानंतर बँक कुलूप फोडून लॉकर उघडते; बँकेच्या भाषेत याला ‘ब्रेक ओपन’ म्हणतात. त्यासाठी तुमची ओळख पटवली जाते, हरवल्याची नोंद होते, तुमची लेखी परवानगी घेतली जाते, आणि बँकेचा किंवा तिने अधिकृत केलेला तंत्रज्ञ ते काम करतो. तुम्ही आणि बँकेचा अधिकारी हजर असल्याशिवाय हे काम होऊ नये. शेजारच्या लॉकरांना धक्का लागणार नाही आणि तुमच्या वस्तू तुमच्याखेरीज कोणाच्या नजरेस पडणार नाहीत, याची काळजी बँकेने घ्यायची असते. म्हणून बोल्ट सुटल्याबरोबर तंत्रज्ञाने बाजूला व्हावे आणि दार तुम्ही उघडावे, असा आग्रह धरावा. फोडण्याचा, नव्या कुलपाचा व नव्या किल्लीचा खर्च तुमच्याकडून घेतला जातो. रक्कम आधी विचारून घ्यावी. जुनी किल्ली पुढे कपाटाच्या तळाशी सापडली, जी बहुधा सापडतेच, तर ती बँकेत जमा करावी लागते.

पाणी, गंज आणि न उघडलेली वर्षे

विश्वामित्रीकाठच्या या शहरात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. ३१ जुलै २०१९ चा पाऊस आणि ऑगस्ट २०२४ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना तळमजल्यावरच्या पाण्याविषयी सांगायला नको. लिव्हर पितळेचे असल्याने ते गंजत नाहीत, पण स्प्रिंगा, स्क्रू आणि दाराचे पोलाद गंजते, आणि गाळ खाचांत बसतो. पाणी शिरलेल्या खोलीतील लॉकर पहिल्याच दिवशी जोर लावून उघडू नये. आधी तंत्रज्ञाकडून कुलूप साफ करून घेण्याची मागणी करावी. नवा लॉकर घेताना निवडीची संधी मिळाली तर मी तळाची रांग कधीही घेणार नाही, मग भाडे सारखे असो वा कमी. कागदपत्रे आणि जरीचे कपडे असतील तर ते जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवावेत.

याला पैशाची बाजूही आहे. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे वस्तू गेल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. म्हणजे भाडे ३,००० रुपये असेल तर जास्तीत जास्त ३,००,००० रुपये. पूर, भूकंप, वीज यांसारख्या नैसर्गिक आपत्तीत ही जबाबदारी नाही, मात्र आपल्या जागेची योग्य काळजी घेणे बँकेवर बंधनकारक आहे. लॉकरमधील वस्तूंचा विमा बँक उतरवत नाही आणि विकतही नाही, त्यामुळे तो हवा असल्यास स्वतंत्रपणे विमा कंपनीकडे पाहावे लागते.

लॉकर वर्षातून निदान एकदा उघडावा. सलग तीन वर्षे भाडे थकले तर बँक रीतसर कार्यवाही करून लॉकर फोडू शकते, आणि सात वर्षे तो उघडलाच गेला नाही व खातेदाराचा पत्ताही लागला नाही, तर भाडे नियमित भरलेले असले तरीही बँकेला पुढची पावले उचलता येतात. नोटीस न देता लॉकर फोडण्याच्या प्रकारांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०२१ च्या निकालात बँकांची कानउघाडणी केली आणि रिझर्व्ह बँकेला सहा महिन्यांत नियम करण्यास सांगितले. वर उल्लेखिलेल्या सूचना त्यातूनच आल्या. नियमांखेरीज यंत्राचेही कारण आहे. अनेक वर्षे एकाच जागी दबून राहिलेल्या स्प्रिंगा आणि वाळलेले जुने वंगण यांमुळे कुलूप आळसावते. वर्षातून एकदा किल्ली फिरली तर पट्ट्या मोकळ्या राहतात. आमच्याकडे पुष्कळ कुटुंबे धनत्रयोदशीच्या आधी येत, आणि त्यांची कुलपे लोण्यासारखी चालत.

बोटांच्या ठशांवर उघडणारी, खोलीत न जाता यंत्राने लॉकर समोर आणून देणारी नवी व्यवस्था काही ठिकाणी आली आहे. तिच्यात ओळख पटवण्याची रीत बदलते; तुमच्या डब्याला मात्र बहुधा तुमच्या किल्लीचे कुलूप असतेच, आणि दोरी अडकायची ती तेथेही अडकते.

लॉकर परत करताना

लॉकर सोडायचा असेल तेव्हा डबा पूर्ण बाहेर काढून आतला कोपरा हाताने चाचपावा. सुटलेली नथ, चांदीचे नाणे किंवा घडी घातलेली पावती हमखास मागच्या बाजूला चिकटलेली असते. किल्ली देऊन सही करावी, पोच घ्यावी, आणि लॉकरसाठी ठेवलेली मुदत ठेव असेल तर तिच्यावरचा बोजा उतरवून घ्यावा. त्यानंतर बँकेने करायचे काम तुम्हाला दिसत नाही, पण ते झाले की नाही हे विचारण्याचा हक्क नव्या खातेदाराला आहे. सोडलेल्या लॉकरचे कुलूप त्या दारावर तसेच ठेवू नये, ते दुसऱ्या रिकाम्या लॉकरच्या कुलपाशी बदलावे, अशी चांगली प्रथा आहे. आमचा कारागीर स्क्रू सोडून चौथ्या रांगेतले कुलूप काढायचा, पहिल्या रांगेतल्या दारावर बसवायचा, आणि मी किल्ल्यांच्या नोंदवहीत जुना क्रमांक खोडून नवा लिहायचो. कोणी आपल्या जुन्या किल्लीची नक्कल करून ठेवली असली, तरी ती घेऊन तो ज्या दारासमोर उभा राहील, त्या दाराचे कुलूप तोपर्यंत तीन रांगा वर गेलेले असे.